वजनाच्या ऑपरेशननंतरचं ताट: आपला आहार आपण कसा ठरवायचा

ऑपरेशन होऊन घरी आलो तेव्हा हातात दोन कागद होते. एक डिस्चार्ज कार्ड आणि दुसरा आहाराचा तक्ता. तक्त्यात क्लिअर सूप, प्युरी, ओट्स, ब्रोकोली अशी यादी. आईनं तो कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यातलं आपल्या घरात काय हाय रं?" मी हसलो. पण पाच वर्षांनी मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

मी कोल्हापूरचा. तेव्हा वजन १२८ किलो, मधुमेह आणि झोपेत श्वास अडकायचा. माझं वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं, स्लीव्ह नावाचं ऑपरेशन झालं. वर्षभरानं सांगलीच्या आत्तेबहिणीची, आमच्या ताईची, बायपास झाली, हृदयाची नव्हे, वजनासाठीची जठराची. ताई माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मी रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहणारा. त्यामुळं एकाच खानदानात दोन ऑपरेशनं आणि दोन अगदी वेगळी ताटं मला जवळून बघायला मिळाली. मी डॉक्टर नाही. पुढं लिहिलंय ते आमच्या डॉक्टरांनी आणि डायटिशियननं आमच्याकडून घोकून घेतलेलं, आणि थोडं चुलीपुढं ठेच खाऊन शिकलेलं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी आपलं ऑपरेशन कोणतं, ते समजून घ्या

"माझंपण पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढ्यावर दुसऱ्याचा तक्ता उचलू नका. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं. म्हणून पहिले काही महिने भूक कुठंतरी हरवल्यासारखी वाटते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिली मावेल एवढी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला पुढं जोडतात. आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाला लागतच नाही आणि लोह, कॅल्शियम चांगलं शोषलं जातं ते नेमकं तिथंच. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच.

याचा ताटाशी काय संबंध? बायपासवाल्यानं गोड खाल्लं तर ते थेट आतड्यात उतरतं. दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. कधी कधी एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येऊन हातपाय थरथरतात, तेही त्यातलंच. स्लीव्हमध्ये हा त्रास कमी, पण छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणं जास्त. ताईला पहिल्या वर्षी कुणीतरी "साखर नको, गूळ चालतो, गूळ पौष्टिक" असं सांगितलं. आमच्या भागात गुळाची महती सांगायला माणूस शोधावा लागत नाही. तिनं गुळाचा चहा घेतला आणि पाऊण तास पलंगावर पडून राहिली. गूळ, काकवी, उसाचा रस, मध या सगळ्यांत आतड्याच्या दृष्टीनं साखरच आहे.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढं दाताच्या डॉक्टरकडं गेलात तरी दाखवा, कारण अंगदुखीवरच्या बऱ्याच नेहमीच्या पेनकिलर गोळ्या बायपासनंतर चालत नाहीत. जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. सिगारेटनंही होतो.

पहिले दोन महिने निवड करायचीच नाही

आहार "निवडायचा" म्हणून लोक ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापासून यूट्यूब बघायला लागतात. मीही बघत होतो. खरं तर पहिले सहा ते आठ आठवडे निवडण्यासारखं काही नसतंच. आतली शिवण भरून यायची असते आणि दवाखान्याचा तक्ता त्या हिशेबानं केलेला असतो. दिवसांचा फरक दवाखान्यागणिक पडतो, पण क्रम साधारण एकच: एक-दोन दिवस निवळ पाणीदार, मग दोन आठवड्यांपर्यंत दूध-ताकासारखं पातळ, मग गुळगुळीत वाटलेलं, मग मऊ, मग हळूहळू घरचं जेवण. यात उडी मारायची नाही. "मला बरं वाटतंय" हे उडी मारण्याचं कारण होऊ शकत नाही.

आपल्याला करता येतं ते एवढंच की तक्त्याचं भाषांतर आपल्या स्वयंपाकघरात करायचं. आईनं ते असं केलं.

निवळ पाणीदार म्हणजे गाळलेलं अळणी. कोल्हापुरात मटण शिजवताना तिखट-मसाला घालण्याआधीचं जे पाणी असतं ते अळणी. लहान पोराला आणि आजाऱ्याला तेच देतात. वरची चरबी काढून, फडक्यातून गाळून. ताईसाठी तेच काम मुगाच्या कढणानं केलं, तेही गाळूनच. शहाळ्याचं पाणी, ताकाची निवळ, पेजेचं वरचं पाणी.

पातळ म्हणजे साय काढलेलं दूध, ताक, टोमॅटोचं सार गाळून, घुसळून पातळ केलेलं वरण, गूळ न घातलेलं हुलग्याचं माडगं. नाचणीची आंबील चालते, पण तिच्यात प्रथिनं फार नसतात. त्यामुळं दिवसभर आंबीलच पीत बसू नका. प्रथिनांची पावडर सुरू होते ती याच टप्प्यात.

वाटलेलं म्हणजे मिक्सरमधून काढलेलं मुगाचं घट्ट वरण, बिनमिरचीचं पातळ पिठलं, दुधी किंवा लाल भोपळा घालून केलेलं खिमट, चक्का. मऊ म्हणजे काट्यानं सहज दाबलं जाईल असं काहीही: अंड्याची ओलसर भुर्जी, कुस्करलेलं पनीर, उकडलेला मासा काटे काढून, मुगाचं मऊ धिरडं.

माप सुरुवातीला दोन-तीन चमचे. ते वाढत वाढत दोन-तीन महिन्यांत अर्ध्या-पाऊण वाटीवर येतं. आईला ते सोसायचं नाही. "आरं, पाखरू तरी एवढं खातंय का?" असं ती महिनाभर म्हणत होती. घरच्यांना ऑपरेशनआधीच डायटिशियनकडं घेऊन जा. पेशंटपेक्षा वाढणाऱ्याचं समाधान होणं अवघड असतं.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्शुलिन चालू असेल तर डोस डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या. खाणं एवढं घटल्यावर जुन्या डोसनं साखर घसरते. माझं इन्शुलिन दवाखान्यातच बंद केलं होतं. ते माझ्या बाबतीत झालं, तुमचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि कोणती लक्षणं दिसली की तक्ता बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढत जाणारी पोटदुखी, विनाकारण जोरात चालणारी नाडी. कधीही: दिवसभर पाणीसुद्धा पोटात न टिकणं, काळी शौच, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ (वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होतात). सतत उलट्या होणाऱ्या माणसाला दोन-दोन दिसायला लागलं, चालताना तोल जायला लागला किंवा तो असंबद्ध बोलायला लागला तर एक तासही थांबू नका. हे थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपत आल्याचं लक्षण असू शकतं आणि उशीर झाला तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

घास आणि घोट

जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवल्यावर अर्धा तास प्यायचं नाही. नव्या माणसाला हाच नियम सगळ्यात जाचतो. पाण्याबरोबर घास पुढं सरकतो, पोट भरल्याचं कळत नाही आणि लहान पोटात जागाही पाणीच अडवतं. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी मात्र हवंच. मग प्यायचं कधी? सुरुवातीला मी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा ३० मिलीचा पेला वापरला. पंधरा मिनिटांत एक पेला, म्हणजे तासाला १२० मिली. १४ तास जागे असलात तर १६८० मिली. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मला जरा धीर आला, कारण आधी "दोन लिटर" ऐकूनच घाबरलो होतो. पुढं घोट मोठा होतो आणि जेवणाच्या वेळा सोडूनही पाणी पुरतं. सोडा, कोल्ड्रिंक नको.

घास नखाएवढा, चावून चावून त्याचं पाणी होईपर्यंत. एक जेवण वीस ते तीस मिनिटं. त्यापेक्षा लवकर संपलं तर घाई झाली, फार लांबलं तर अन्न गार होऊन चरणं सुरू होतं.

तिसऱ्या महिन्यात पाहुण्यांकडं मी मटणाचा तिसरा घास अर्धवट चावून गिळला. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं झालं, तोंडाला फेसाळ लाळ सुटली आणि चाळीस मिनिटं बेसिनपाशी उभा होतो. असा घास अडकला की खाणं थांबवा, वरून पाणी ओतू नका, उभे राहा, थोडं चाला. स्वतःची लाळही गिळता येईना झाली तर दवाखाना. बोकडाचं मटण, ताजी चपाती, मोकळा न झालेला चिकट भात, गवारीच्या आणि शेवग्याच्या शिरा, संत्र्याची साल-पडदे हे नेहमीचे अडकणारे. भाकरीचं मात्र माणसागणिक बदलतं. मला आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी चपातीपेक्षा कितीतरी सोपी गेली.

तिसऱ्या महिन्यापासून खरी निवड: सुरुवात प्रथिनांच्या बेरजेनं

तक्त्याचा शेवटचा रकाना "नॉर्मल डाएट" असा असतो. त्यापुढं कुणी काही सांगत नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कारण आपल्या घरातलं नॉर्मल जेवण म्हणजे पोळी-भात मध्यभागी आणि वरणाची वाटी कडेला. लहान पोटात आधी पोळी-भात गेला तर वरणाला जागाच उरत नाही.

म्हणून बेरीज आधी प्रथिनांची. बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगतात. तुमचा आकडा डायटिशियनकडून लिहून घ्या. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, थकवा येतो आणि केस जास्त गळतात. (तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान थोडे केस बऱ्याच जणांचे गळतात. माझ्या बायकोनं न्हाणीघरातला केसांचा गुंता दाखवून घाबरवलं होतं. बहुतेकांचे परत येतात.)

आपल्या ओळखीच्या पदार्थांचे आकडे साधारण असे धरा: एका अंड्यात ६ ग्रॅम. शिजवलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये २५ ते ३०. सुरमईसारख्या माशाच्या १०० ग्रॅममध्ये २०च्या आसपास. ओल्या बोंबलात पाणीच जास्त, त्यामुळं तो मऊ म्हणून सोयीचा असला तरी प्रथिनात मागं. पनीरच्या १०० ग्रॅममध्ये १८. पेलाभर, म्हणजे २०० मिली दुधात ६ ते ७. घट्ट वरणाच्या किंवा उसळीच्या अर्ध्या वाटीत ४ ते ५. कोरड्या सोयाबीन वड्यांच्या १०० ग्रॅममध्ये तब्बल ५२, पण त्या भिजून फुगतात, एका वेळी १५ ग्रॅम खूप झाल्या. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, तेल त्याहून जास्त. आणि ताकात, ज्याच्यावर आपला सगळ्यांचा फार भरवसा, जवळपास काहीच नाही.

मांसाहारी माणसाला हा आकडा गाठणं फारसं अवघड जात नाही. खरी कसरत ताईची. सहा महिन्यांनंतर तिचा दिवस असा बसला:

सकाळी सातला पेलाभर दुधात एक चमचा व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची, पावडर. दोन्ही मिळून ३० ग्रॅम प्रथिनं. (डब्यातला मापाचा चमचा, त्यात २४ ग्रॅम प्रथिनं आहेत हे लेबलवर वाचून घेतलेली.) 

नाष्ट्याला ३० ग्रॅम मूगडाळ भिजवून एक धिरडं, आत किसलेलं पनीर. १२ ग्रॅम. 

दुपारी ५० ग्रॅम पनीर, अर्धी वाटी मटकीची उसळ, दोन चमचे पालेभाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. १४ ग्रॅम. 

संध्याकाळी मीठ-जिरं घालून चक्का, १०० ग्रॅम. ८ ग्रॅमच्या आसपास. 

रात्री सोयाबीन वड्यांची पातळ भाजी आणि अर्धा फुलका. ९ ग्रॅम.

बेरीज ७३. ही बेरीज तिनं एकदा वजनकाट्यावर मोजून केली आणि नंतर वाट्या ठरवून टाकल्या. रोज मोजत बसायची गरज नाही, पण पहिले दोन आठवडे मोजाच. दीडशे मिलीची वाटी आणि आमच्या आईची वाटी यात जवळजवळ दुपटीचा फरक निघाला.

पावडर घ्यायची असेल तर डब्याचं लेबल उलटं करून वाचा. औषधाच्या दुकानात "प्रोटीन" म्हणून मिळणाऱ्या कित्येक डब्यांत साखर भरपूर आणि एका चमच्यात प्रथिनं नावालाच असतात. दुधानं पोट फुगत असेल तर घाबरू नका, ऑपरेशननंतर काहींना दूध पचेनासं होतं. चक्का, पनीर बहुधा चालतं. पावडर पाण्यातून घेता येते. आमच्याकडं संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण म्हशीचं दूध प्यायची पद्धत आहे. ते सुटलं याचं दुःख मला मटणाइतकंच झालं.

मग ते वेगवेगळे डाएट?

तिसऱ्या महिन्यात वजन उतरलेलं दिसतं आणि गल्लीतला प्रत्येकजण सल्लागार होतो. कुठलीही योजना आली की मी तिला चार प्रश्न विचारतो. यात माझी ६० ग्रॅम प्रथिनं बसतात का? जेवण आणि पाणी वेगळं ठेवून पाणी पुरतं का? साखर किंवा तूप-तेल एकदम पोटात जातं का? आणि ज्या दिवशी लाईट गेलीय, बायको माहेरी आणि ऑफिसला उशीर झालाय, त्या दिवशी हे मला जमेल का? चौथ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त योजना नापास होतात.

महाराष्ट्रात पहिला सल्ला येतो दोन वेळाच जेवायचा. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार, पुढं डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरात पोचवलेला: दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. शाबूत जठराच्या माणसांनी काय करावं यावर मी बोलत नाही. आपल्या जठरात तिसऱ्या महिन्यात एका बैठकीला १५-२० ग्रॅम प्रथिनं मावतात. दोनदा जेवलो तर ३०-४०. गणित तिथंच संपतं. आपल्याला तीन लहान जेवणं आणि मध्ये एक-दोन प्रथिनांचे टेकू लागतात. उलट टोकाला "दर दोन तासांनी काहीतरी खा" हेही नको, कारण त्याचं दिवसभर चरणं होतं आणि पाण्याला वेळच उरत नाही.

कीटोमध्ये, म्हणजे पोळी-भात-गोड जवळपास बंद आणि स्निग्ध जास्त अशा आहारात, प्रथिनं बसतात, पण तूप, लोणी, सायही बसते. बायपासवाल्यांना तेलकट शौच आणि जुलाबाचा त्रास होऊ शकतो, आणि उसळ-वरण सोडावं लागतं ते वेगळंच. ताईनं विचारलं तेव्हा डायटिशियननं वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही. नुसत्या शेकवर, म्हणजे पावडर घोळून पिण्यावर, राहणं सोपं असतं, पण पातळ पदार्थ पोटात टिकत नाहीत, तासाभरात परत पोकळ वाटतं. घन अन्न चालायला लागलं की ते खायचं. कॅलरी मोजणं पहिल्या वर्षात फारसं उपयोगी नाही, मापच एवढं लहान असतं. दुसऱ्या वर्षानंतर मात्र डोळे उघडायला चांगलं.

आम्हा दोघांचं शेवटी जे ठरलं त्याला नाव नाही. घरात जे शिजतं त्यातलं प्रथिन आधी, मग भाजी, मग जागा उरली तर धान्य. वेगळा स्वयंपाक नाही, वाढण्याचा क्रम वेगळा. घरात मिसळ असली तर मी मटकी वरून काढून घेतो, कट दोन चमचे, फरसाण-पाव बाजूला. पांढरा रस्सा नारळाचा, पातळ आणि चटकन उतरणारा, म्हणून अर्धी वाटी आणि तीही सणालाच. तुमच्या घरी सोमवार-गुरुवार-शनिवार शाकाहार असेल तर त्या दिवसांचं पनीर-सोया आदल्या दिवशीच आणून ठेवा. आमच्याकडं पहिल्या वर्षी माझी प्रथिनं नेमकी शनिवारीच पडायची.

ठरवलेली योजना तीन आठवडे चालवा, वहीत लिहा, मग एकावेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं पोट बिघडलं ते कळत नाही.

गोळ्या हाही आहारच

यावर लोक कंटाळतात, म्हणून थोडक्यात. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह या गोळ्या वजन उतरल्यावर बंद करायच्या नसतात, त्या जन्मभराच्या आहेत. डोस रक्ततपासणीवरून ठरतो. कॅल्शियम साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५००-६०० च्या वर शरीर घेत नाही, म्हणून दोन-तीनदा विभागून. सायट्रेट प्रकारचं कॅल्शियम ऑपरेशननंतर बरं शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, मध्ये दोन तास ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको. शाकाहारी लोकांत बी-१२ बऱ्याचदा आधीपासूनच कमी असतं, ताई तर इंजेक्शनच घेते. तपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी. बायकांसाठी अजून एक: दिवस राहण्याचा विचार साधारण बारा ते अठरा महिने पुढं ढकलायला सांगतात. ही गोष्ट आधीच विचारून घ्या.

दुसरं वर्ष, म्हणजे भडंग

सोळाव्या महिन्यात माझं वजन ८२ होतं. तिसऱ्या वर्षी ९१ झालं. मी दोन वाट्यांच्या वर कधीच जेवत नव्हतो, मग हे नऊ किलो आले कुठून? वहीनं सांगितलं: जयसिंगपूरचा भडंग. संध्याकाळी टीव्हीपुढं मूठ-मूठ. चुरमुरा तोंडातच विरघळतो, पोट भरल्याची खूण पटतच नाही, आणि तीन तासांत पाव किलोची पिशवी संपते. पापड, बिस्किटं, शंकरपाळी, आईस्क्रीम हे सगळे त्याच जातीचे. पोट लहान करून घेतलेल्या माणसाला जिलबी दिसते, ती तो टाळतो. चुरमुऱ्याला कोण घाबरतंय?

वर्षा-दीड वर्षानं भूक परत येते आणि माणूस हादरतो. वाटतं, जठर ताणलं, ऑपरेशन वाया गेलं. बहुतेक वेळा तसं नसतं. आधी पंधरा दिवस खरं लिहा: काय, किती, किती वाजता, पाणी कधी, आणि खाताना काय करत होतात. मग प्रथिन-आधीचा क्रम परत लावा, जेवणाच्या मधलं चरणं बंद करा आणि ती वही घेऊन डायटिशियनकडं जा. तीन किलो वाढल्यावर जा, तेरा वाढेपर्यंत लाजत बसू नका. मी लाजलो आणि त्यात आठ महिने घालवले. आता ८६ वर आहे.

दारूबद्दलही इथंच सांगतो. बायपासनंतर ती लवकर चढते, जास्त चढते आणि उतरायला वेळ घेते. गाडी चालवायचा प्रश्नच नाही. शिवाय खाण्याची सवय सुटलेल्या काहींना तिची सवय लागते. मी बंदच केली.

उपवास आणि पंगत

एकादशीला साबुदाण्याची खिचडी ही आपल्यासाठी सगळ्यात वाईट थाळी: चिकट, तुपकट आणि प्रथिनं फारच कमी. ताई एकादशी सोडत नाही. ती त्या दिवशी दूध, चक्का, पनीर आणि दोन चमचे भगरीवर दाण्याची पातळ आमटी घेते. तिच्या घरी हे उपवासाला चालतं. निर्जळी उपवास मात्र तिनं कायमचा बंद केला, पहिल्याच वर्षी तिला चक्कर येऊन सलाईन लावावं लागलं होतं. आषाढीला दिंडीबरोबर एखादा टप्पा चालते तेव्हा कंबरेला पाण्याची बाटली आणि पदरात भाजलेल्या डाळ्यांची पुडी असते.

पंगतीत आग्रह होतो. "डाएट चालू आहे" म्हटलं की आग्रह दुप्पट होतो, हे मी अनुभवानं सांगतो. "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरनं सांगितलंय" म्हटलं की वाढपी चटकन पुढं सरकतो. पानावर आधीच थोडं थोडं सगळं वाढून घ्या, म्हणजे पान रिकामं दिसत नाही. पुरणपोळीचा एक नखाएवढा तुकडा मला चालतो. ताईला चालत नाही, ती कटाची आमटी गाळून घेते आणि पोळी शेजारच्या नातवाच्या पानात सरकवते. जत्रेला गेलो की यजमानीणबाईंना मी दारातच गाठतो आणि सांगतो, वहिनी, मला ताट नको, पोरांची लहान वाटी द्या आणि अळणीतल्या दोन मऊ फोडी. मग त्या वाटीला अर्धा तास लावतो. तोवर बाकीच्यांचा तिसरा भात आलेला असतो.